शेवट विचारावा

"काहीतरी छान वाचायला सांगा ना," असं कोणी म्हटलं की हल्ली मी पटकन तोंड उघडत नाही. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कोणी विचारायचीही गरज नसे. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की भाजीबरोबर मी पुस्तकही वाढायची. ज्याला झोप येत नाही त्याला रहस्यकथा, जिचं सासूशी पटत नाही तिला विनोदी, आणि साहेबांना प्रवासवर्णन, कारण साहेब स्वतः कुठे जात नसत आणि आम्हालाही रजा देत नसत. ही खोड मला अहेरीत लागली.

अहेरीत मी सहा वर्षं लिपिक होते. रुजू झाले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा पुण्याला नोकरीला. "तुझी बदली झाली की बघू," असं तो म्हणायचा. मी बदलीचे अर्ज करत राहिले. तो काय बघत होता, ते मला फार उशिरा कळलं. आधी तो महिन्याला यायचा, मग दिवाळीला, मग फोनवर सांगू लागला की तुमच्याकडचे रस्ते फार खराब आहेत. रस्ते खराब होतेच, त्यात खोटं काही नव्हतं.

ऑफिस सुटलं की खोलीवर जाणं जिवावर यायचं. घरमालकीण तेलुगूत बोलायची, मी मराठीत, आणि हसण्यापलीकडे आमचं काही जात नसे. म्हणून बाजाराच्या रस्त्यावरच्या वाचनालयात जाऊन बसायची. एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि टेबलामागे भाऊ. भाऊ म्हणजे तिथले ग्रंथपाल, पण एवढा जड शब्द त्यांना कोणी वापरत नसे. ते आलेल्या माणसाकडे आधी चपलेपासून वर बघायचे, मग न विचारता एक पुस्तक काढून पुढे सरकवायचे. जंगलखात्याचा एक गार्ड होता, दिवसभर रानात पायपीट करणारा. त्याला भाऊ नेहमी मुंबईतल्या श्रीमंतांच्या प्रेमकथा द्यायचे. तो दर आठवड्याला नवी न्यायचा.

तिथली बरीच पुस्तकं कोणी ना कोणी दिलेली, जुनी. अशा पुस्तकांची शिवण ढिली झाली की शेवटची पानं आधी गळतात. भाऊंनी त्यावर उपाय काढला होता. पान गळालेल्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला ते निळ्या पेनने लिहायचे, "शेवट विचारावा". म्हणजे पुस्तक वाचून झालं की टेबलापाशी जायचं आणि भाऊ शेवट तोंडी सांगायचे, हातातलं काम न थांबवता. गेलेली पानं त्यांनी वाचलेली असणार, याबद्दल मला कधी शंका आली नाही. इतर वेळी मी भाजीवालीच्या काट्यावरही संशय घेते.

अशीच एक कादंबरी त्यांनी मला दिली. स्टेशनाजवळ खाणावळ चालवणारी एक बाई. तिचा नवरा आठ दिवसांत येतो म्हणून गेलेला. जाताना तिनेच त्याला खांद्याला लावायची पिशवी शिवून दिलेली. मग वर्षं जातात. गिऱ्हाइकं येतात, जातात, बाई भात शिजवते, लोकांच्या गमतीजमती ऐकते आणि वाचणाऱ्याला हसवते. फार मजेचं पुस्तक होतं. शेवटची पानं नव्हती. मी टेबलापाशी गेले.

"येते तो," भाऊ म्हणाले. "संध्याकाळी येते. खांद्याले तीच पिशवी. दारात उभा राह्यते. बाई वर पाहतच नाई. म्हणते, हात धुऊन घे, भात गरम आहे. संपलं."

मी खोलीवर गेले आणि रडले. चांगलं वाटून रडले. पुढची चार वर्षं मी त्या भातावर काढली. रोज कुकर लावताना मनात म्हणायची, हात धुऊन घे. माझा कोणी आला नाही. एक दिवस कागदांवर सह्या झाल्या आणि ते प्रकरण मिटलं. पण पुस्तक माझं आवडतं राहिलं, कारण निदान त्या बाईचा तरी आला होता.

नंतर बदली होऊन मी चंद्रपूरला आले. माझी मोठी बहीण बल्लारपूरला. आईवडील गेल्यावर ती एकटीच माझी. दर रविवारी मी तिच्याकडे जायची. भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, वारल्यावर तिच्या घरात ती आणि तिचा मुलगा. मुलगा चांगला सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी नोकरीवरून मायलेकांची जुंपली. ताई रागात म्हणाली, जाशीन तर परत येऊ नको. तो हैदराबादेकडे गेला आणि फोन उचलेनासा झाला. ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. फक्त फाटकाचा आवाज झाला की तिचा हात काम करता करता थांबायचा.

मला वाटलं, हिला ते पुस्तक द्यावं. ती बाई हसवेल, भात शिजेल, आणि शेवटी तो येईल. त्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो. आमच्यात तिथून रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही; जो तो पुस्तक घेऊनच घरी जातो, वाचता न येणारी म्हातारीसुद्धा नातवासाठी नेते. एका कोपऱ्यात जुन्या पुस्तकांचा ढीग होता, आणि त्यात ते दिसलं. पूर्ण, सगळी पानं जागच्या जागी. मी आनंदाने ओरडलेच. शेवटचं पान उघडून बघितलं नाही. मला शेवट माहीत होता, मग कशाला बघू?

"हे वाच," मी ताईला म्हटलं. "मस्त हसवते. आन् शेवट तर असा गोड आहे का बस."

दहा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मी घाबरले.

"हे काऊन वाचायले दिलं मले?"

"काऊन म्हणजे? चांगलं नाई का?"

"शेवटी कोणी तरी परका माणूस येते. तिच्या नवऱ्याची पिशवी घेऊन. नुसती पिशवी. तो मेला म्हणून सांगाले. माझ्या पोराची बॅग कोणी आणून देईन, असं वाटते का तुले?"

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. मी लावत राहिले, ती उचलेना. रविवारी गेले तर घराला कुलूप, आणि शेजारीण खिडकीतून बघून बाजूला झाली. पुढच्या रविवारीही तेच. मग मी जाणं सोडलं.

तो हिवाळा मी कसा काढला ते सांगायला लाज वाटते. रविवारी सकाळी आठला उठून दहा वाजेपर्यंत घर झाडून व्हायचं, आणि मग समोर अख्खा दिवस पडलेला. मी एका माणसाचा स्वयंपाक करायची आणि तोही उरायचा. अहेरीतल्या एकटेपणात कोणाची तरी वाट होती. आता वाटही नव्हती, आणि ती मीच बंद केली होती. ऑफिसात कोणी पुस्तक मागितलं की मी म्हणायची, वेळ नाही.

उन्हाळा लागता लागता मी अहेरीची बस पकडली. भाऊंना जाब विचारायचा होता. गोंडपिपरीपर्यंत मी काय काय बोलायचं ते मनात घोकलं. आलापल्ली येईपर्यंत निम्मं विसरले. भाऊ आता घरीच असतात. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली आणि ते बाजेवर बसून कोंबड्या हाकलत होते. मला ओळखलं, चपलेकडे बघूनच.

मी सगळं सांगितलं. जरा चढ्या आवाजातच. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"मी काय सांगतलं होतं तुमाले?"

"भात गरम आहे म्हणून."

"बरं सांगतलं होतं," ते समाधानाने म्हणाले.

"भाऊ, पण ते खोटं होतं!"

"बाई, ते पुस्तक आमच्याकडे आलं तवाच त्याले शेवट नव्हता. मी कुठून वाचू?" त्यांनी एक कोंबडी हाकलली. "असे लय होते. लोक वाचून येऊन उभे राह्यत. त्याइले काय तसंच पाठवू? तुमी रोज ऑफिस सुटलं का येऊन बसत होत्या. दार वाजलं का मान वर. तुमाले दुसरं काय सांगतलं असतं?"

सहा वर्षं त्या खोलीत मी दाराकडे बघते आहे हे कोणाला कळत नाही, असं मला वाटत होतं.

"आणि दुसऱ्यांना काय सांगितलं?" मी शेवटी विचारलं.

"शाळेतल्या मास्तरले मेला म्हणून सांगतलं. त्याले तसंच लागे. खुश होऊन गेला."

मला हसू आलं आणि रागही आला, पण राग कोणावर काढावा ते कळेना.

पुढच्या रविवारी मी बल्लारपूरला गेले. दार उघडं होतं. ताईने मला बघितलं, ये म्हणाली नाही, पण दार लोटलंही नाही. मी आत जाऊन पाटावर बसले आणि सांगितलं. भाऊंचं, निळ्या पेनचं, भाताचं, आणि माझंसुद्धा, जे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती वांगी चिरत होती. सगळी चिरून संपवली.

मग उठून आतून पुस्तक घेऊन आली. शेवटची पानं धरून ओढली. शिवण पक्की होती, निघेनात. तेव्हा तिने पुस्तक उघडून विळीवर धरलं आणि दहाबारा पानं सरळ कापून काढली. ती चुलीजवळच्या रद्दीत ठेवली, विळी पुसली आणि माझ्यासमोर बसली.

"हं. सांग आता."

मी सांगितलं. संध्याकाळ होते, तो दारात उभा राहतो, खांद्याला तीच पिशवी.

"कोणत्या रंगाची?" ताईने विचारलं.

पुस्तकात रंग कुठेच दिलेला नाही. भाऊंनीही सांगितला नव्हता, आणि इतक्या वर्षांत मलाही विचारावासा वाटला नव्हता.

"असेल काळी-बिळी," मी म्हटलं.

"नाई," ताई म्हणाली. "निळी. निळी घेऊन गेला तो."

"हो," मी म्हटलं, "निळीच." आणि पुन्हा संध्याकाळ होते तिथपासून सांगायला लागले.