पुस्तक नावाची फाइल

शहाद्याच्या बसस्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या चिठ्ठ्या, निवडणुकीचे बॅनर, एवढी माझी वाङ्मयसेवा. सबंध पुस्तक आयुष्यात एकदाच हाती आलं आणि त्याची मी जी वाट लावली, ती तापीच्या पुरालाही जमली नसती.

पुस्तक तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं. कानबाईची गाणी. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई बसते, बायका अहिराणीत तिची गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिला नदीत बोळवतात. गुरुजींनी सायकलवर गावोगाव हिंडून ती वह्यांत उतरवली होती. अकरा प्रकरणं. त्यातलं नववं त्यांच्या मोठ्या बहिणीचं. तिला सही येत नव्हती, पण गाणी विचाराल तितकी. आदल्या हिवाळ्यात ती गेली. पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला बजावलं, "बाकीनं चुकनं ते चाली जाई, पन बहिननं चुकाले नको."

मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून विद्वान झालेलो. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करायची आणि त्या सगळ्यांना ओवणारी वर एक 'पुस्तक' नावाची फाइल. मग पानांचे आकडे आपोआप पुढे चालतात, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला मी हे इतक्यांदा दाखवलं की तो मला पाहून शटर ओढायला लागला.

पहिल्या पाच प्रकरणांची प्रूफं मी कागदावर काढून दिली. पुढे गुरुजी रोज वह्या घेऊन बसनं यायचे आणि स्टुलावर बसून स्क्रीनवरच दुरुस्त्या सांगायचे. ओळ म्हणून दाखवायची, थांबायचं, "नही रे, ती आसं म्हने," म्हणायचं. मी टाइप करायचो. वहीत नव्हत्या अशा कितीतरी ओळी त्या स्टुलावर आल्या. शेवटी राखून ठेवलेलं बहिणीचं प्रकरण संपलं तेव्हा मी अकराही प्रकरणांची अनुक्रमणिका छापून त्यांना भेट दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

आठवड्यानं आले, तर हात मोकळे.

"वह्या कुठं, गुरुजी?"

"तापीमायमा सोडी उनू."

"सोडल्या?"

"देवनं नाव शे त्यामा. रद्दीमा कसं देवानं? आते तुन्हा कम्प्युटरमा शे ना सगळं."

आमच्याकडे असंच करतात. देवाचं नाव असलेला कागद वाण्याच्या पुडीला जात नाही, नदीला जातो. त्या क्षणी मी दुकान बंद करून चार ठिकाणी नकला ठेवायला हव्या होत्या. मी काय केलं? बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी कम्प्युटरवर मारली आणि म्हणालो, "इथं पक्कं आहे, गुरुजी."

मग निवडणूक लागली. दहा-दहा फुटांचे बॅनर, प्रत्येकावर तीस-तीस शुभेच्छुक. डिस्क भरली. मी जबाबदार माणूस. आधी 'पुस्तक' फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. ती एका पासपोर्ट फोटोपेक्षा हलकी निघाली. शहाण्याला इथं शंका आली असती. मला अभिमान वाटला. अकरा प्रकरणं एवढ्याशा जागेत! लग्नसराईतला कंडक्टरसुद्धा इतकं दाबून भरत नाही. मग प्रकरणांचं फोल्डर उडवलं आणि रिसायकल बिनही झाडून काढला. माझी ही स्वच्छता घरी कुणी अजून पाहिलेली नाही.

निकाल लागल्यावर फाइल उघडली. अकरा नावं ओळीनं आली. प्रत्येकापुढे एक लाल प्रश्नचिन्ह. त्या दिवशी मला कळलं की पुस्तक नावाच्या फाइलीत पुस्तक नसतं. कुठलं प्रकरण कुठं ठेवलंय, एवढा पत्ता असतो. पत्ते मी जपून ठेवले होते आणि घरं पाडली होती.

नंदुरबारच्या एका जाणकारानं दोन दिवस खटपट केली. गाणी होती त्या जागेवर बॅनर येऊन बसले होते. परत मिळाला तो हात जोडलेला अर्धा उमेदवार. तोही पडलेला.

गुरुजींना मी आधी सांगितलं, लाइट गेले. मग सांगितलं, व्हायरस आला. तिसऱ्या थापेआधी ते स्वतःच आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी नवव्या नावावर बोट ठेवलं.

"यामा काहीच नही?"

"नाही."

"मंग नाव कसं शे?"

"नावच राहिलंय, गुरुजी."

"म्हणून दाखवा, मी लिहितो," असं मी म्हणालो. ते स्टुलावर बसले. चाल आली. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला ते थांबले आणि सवयीनं बाजूला पाहिलं, कुणी पुढचं सांगेल म्हणून. बाजूला मी होतो.

शेवटी कागदावर वाचलेली पाच प्रकरणं छापायची ठरली. मी पाच ओळींची नवी अनुक्रमणिका केली. त्यांनी खिशातून जुनी घडी काढली.

"हाई छाप."

"गुरुजी, पुस्तक ब्याण्णव पानांचं, यात दोनशे चौदापर्यंत आकडे आहेत. लोक हसतील."

"हासू दे. कितलं व्हतं ते तरी समजी."

तसंच छापलं. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बसस्टँडवर दिसतात, मी 'रामराम गुरुजी' म्हणतो, ते मान हलवतात आणि बसची पाटी वाचत राहतात.

एक प्रत माझ्या काउंटरवर असते. पत्रिकेसाठी आलेलं कुणीतरी ती चाळतं, अनुक्रमणिकेत बोट घालून एकशे एकसष्टावं पान शोधतं आणि विचारतं, "भाऊ, पुढली पानं कुठं गेली?"

मी बाइंडिंगवाल्याला शिव्या घालतो.