खिशातल्या पिना

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. डोलकाठी दादाच्या खांद्यावर कोसळली आणि तो होडीत कण्हत पडला, तेव्हा मी आधी त्याच्याकडे गेलो नाही. आधी खिशातल्या पिना काढून तारांना घातल्या. मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचा जन्म मालवणच्या दर्यावर मासे पकडण्यात गेला, माझा मुंबईला फिटरकी करण्यात. मी गावी परत आलो त्या वर्षी त्याने गोव्याहून एक जुनी, फायबरची, छोटी शिडाची होडी आणली. मासेमारीची त्याची इंजिनवाली होती. ही नुसती हौसेची. बाबा शिडाने जायचे, तसं एकदा जायचं होतं त्याला. टेम्पोतून ती उतरताना बंदरावर सगळे हसले.

"इंजिन खंय रे हिका?"

"मी आसंय मां इंजिन," दादा म्हणाला. "डिझेल घालूक तेवढा सांज्याक येवा."

होडीचं अंग बरं होतं, पण वरचं सगळं सामान गेलेलं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचे धागे सुटून बोटांत घुसत. कप्प्या जाम, तारा अडकवायच्या कड्या, शॅकल, गंजून लाल. मी म्हटलं, हे सगळं काढून स्टेनलेस स्टीलचं लावतो. तारा नव्या, कप्प्या नव्या, आणि तारा ताणायला नवे टर्नबकल. त्यांची मधली नळी फिरवली की दोन्हीकडचे आटे आत येतात आणि तार ताठ होते. ताण बसला की भोकात पीन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे नळी उलटी फिरत नाही. पीन नसेल तर तारेला पीळ बसून आटे आपोआप सुटत जातात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नारळी पौर्णिमेला होडी पहिल्यांदा बाहेर काढायची, असं दादाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी टर्नबकल हातानेच लावले. दोनचार आट्यांवरच उभे होते. आट्यांना, लाकडी होड्यांना आम्ही चोपडायचो तसं, माशाचं तेलही चोपडलं. नळ्या लोण्यासारख्या फिरायला लागल्या. पान्याने ताण देऊन पिना घालायच्या तेवढ्या राहिल्या. पावसाची सर आली, उजेड गेला, माझी कंबर धरली होती. दादाने वाळूतून हाक मारून विचारलं, "झाला मां रे?"

"झाला," मी म्हटलं.

सकाळी लवकर येऊन उरकू, असा हिशेब. पोचलो तर पूजा होऊन गेलेली. पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदकुंकू, तारांना झेंडूच्या माळा. आमच्या घरात पूजा झालेल्या होडीला त्या दिवशी हत्यार लावत नाहीत. दादाने माझ्या हातातला पाना बघितला.

"पिशयेत ठेव तो. आज तिका आराम. काल झाला मां सगळा?"

वहिनी ताट घेऊन उभी होती, शेजारी चार माणसं होती, आणि दादा त्यांना एकेक कप्पी फिरवून दाखवत होता, माझ्या भावाचा काम बघा म्हणून. मी होकारार्थी मान हलवली. हत्यार लावायचं नसलं तरी तोंडाने सांगायला कुणी अडवलं नव्हतं. आज नको निघूया, एवढं म्हटलं असतं तर दादा चिडला असता, लोक हसले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते.

आम्ही दोघंच गेलो. खडपांच्या, म्हणजे काठाजवळच्या खडकांच्या, आतल्या पाण्यात नारळ सोडला. परतताना वारा वाढला, होडी कलली, आणि दादाने शिडाची दोरी आणखी आवळली. लहान मुलासारखा हसत होता. मी वाऱ्याकडच्या नळीकडे बघत होतो. ती फिरताना मला दिसली. हाक मारायला तोंड उघडलं तोवर आटे सुटले आणि काठी आली.

बाकीच्या दोन टर्नबकलना पिना घातल्या. सुटलेल्याची नळी काढून पाण्यात टाकली. पिनांची टोकं मी नीट वाकवली. दादा "बाबांनू, बाबांनू" करत होता.

दुसऱ्या एका होडीने आम्हाला ओढून आणलं. होड्यांचं काम करणाऱ्या सुताराने नंतर होडी बघितली आणि घरी येऊन सांगितलं. "पिनी सगळे जाग्यार आसत. एकच टर्नबकल तुटान गेलो. शीड लय वडल्यान असतला."

"मीच वडलंय," खाटेवरून दादा म्हणाला. "हाव सुटली माका."

त्या दिवसापासून तो हेच सांगतो. मासळी बाजारात, एसटीत भेटणाऱ्या माणसाला, वहिनीला तर रोज. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पाग, म्हणजे हाताने टाकायचं जाळं, फेकता येत नाही. इंजिनवाली होडी विकली. पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी विणतो.

आणि मी सामान बदलत राहिलो. डोलकाठी नवी केली. जाड तारा आणल्या, दुप्पट मजबूत टर्नबकल, त्यांना लॉकनट, वर पिना, पिनांवर टेप. एवढ्याशा होडीला इतकं कुणी लावत नाही. वाटायचं, दादा एकदा तिच्यात बसला की मला सांगावं लागणार नाही. दर खेपेला तो काठावरून बघतो आणि घरी जातो.

गेल्या आठवड्यात मात्र जवळ आला. डाव्या हाताच्या बोटाने एक पीन चाचपली.

"तुझा काम पयल्यापासून पक्का," तो म्हणाला. "माझो हातच अवलक्षणी. इकून टाक ही. मी आता दर्यात पाय घालूचंय नाय."

मी पाना पुसत राहिलो. तो वाळूतून चढून गेला. घरी येऊन हे लिहायला बसलो. कागदासमोर जीभ अडखळत नाही.

दोरी दादाने गरजेपेक्षा जास्त ओढली नव्हती. पिना मी घातल्या नव्हत्या, आणि त्याला दुखत असताना घातल्या. हे मी त्याच्या पडवीत, वहिनीसमोर, मोठ्याने सांगायचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.