खांबावर सोडलेल्या गोष्टी

लोखंडी खांबाला मी पहिल्यांदा कान लावला तेव्हा आतून एक बारीक, लांबलचक हूंऽऽ असा आवाज येत होता. नोकरीचा पहिला दिवस होता. मला वाटलं, तारेतून जाणारं लोकांचं बोलणं आहे हे, सगळ्या तालुक्याचं एकत्र. मी टोपी काढून उभा राहिलो. सोबतचा महादेव हसून हसून खाली बसला. म्हणाला, "लेका, वारा हाय तो. मानसं ऐकाची असन तर वर चढा लागते."

मग वर चढतच राहिलो. खांबावर चढणाऱ्याच्या अंगाला गंजाची लाल पूड लागते, झटकली तरी थोडी राहते. किस्से तसेच लागत गेले. आता आमच्या टेलिफोन ऑफिसला कुलूपच जास्त असतं. समोरच्या कडुनिंबाखाली बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं पेन्शनर बसतो. मी नामदेव, लाईनमन, सातवी पास. महादेव, तोही लाईनमन. आणि कुसुमताई, ऑपरेटर. ती मॅट्रिक झालेली, त्यामुळं शेवटचा शब्द तिचा.

*

लाईन दुरुस्त करताना तारेला टेस्टचा फोन लावावा लागतो. लावला की कोणाचं ना कोणाचं बोलणं कानावर पडतंच. म्हणून आमच्यात एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, जुन्या लाईनमननी आम्हाला सांगितलेली होती. घरची गोष्ट खांबावरच सोडून यायची. खाली उतरलो की आपण काही ऐकलंच नव्हतं.

महादेवचं लग्न जुळत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीच्या बापाच्या लाईनवर तो चढलेला, आणि तो बाप वणीच्या साडूला सांगत होता, "पोरगा चांगला हाय, पन दिवसभर खांबावर असते. कोन्या दिवशी खाली पडन काय सांगता येते? नाई म्हनून कळवतो."

महादेव सावकाश खाली उतरला. घरी त्याची आई आठ दिवस निरोपाची वाट पाहत होती, हाही तिच्या शेजारी बसून वाट पाहत होता. नकार आला तेव्हा आईपेक्षा जास्त आश्चर्य यानंच दाखवलं.

पुढं तोच फोन बंद पडला आणि तक्रार महादेवकडेच आली. त्यानं जुनी काढून नवी तार टाकून दिली. त्या गृहस्थानं खालून विचारलं, वर पडायची भीती नाही का वाटत? महादेव म्हणाला, "पडाची नाई वाटत. वर काय ऐकू येईन, त्याची वाटते."

*

सीमेवर लढाईचं वातावरण होतं तेव्हाचा एक किस्सा आहे. कुसुमताई तो स्वतः कधी सांगत नाही, मला सांगावा लागतो.

तिच्या बोर्डाशेजारी एक टाईप केलेला कागद चिकटवला होता. फौजेतल्या माणसाचा फोन आला आणि त्यानं ठिकाण कळेल असं काही सांगितलं तर लाईन तोडावी. आमच्या गावची एक म्हातारी, तिचा मुलगा फौजेत. त्याचा ट्रंककॉल येणार म्हणून ती सकाळपासून ऑफिसच्या बाकावर बसलेली. दुपारी फोन लागला. तब्येत, शेत, म्हैस, सगळं झालं. मग मुलगा म्हणाला, "माय, अथी बरफ पडून राह्यला."

मागं आमच्या ऑफिसचे इन्स्पेक्टर साहेब उभे होते. त्यांनी बोट हलवलं. कुसुमताईनं बोर्डातली कॉर्ड ओढली, लाईन तुटली.

म्हातारी रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी. आधी तिला वाटलं, मुलगा गप्प झाला. मग तिनं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्यानं जलमात बरफ पाह्यला नव्हता बाई. ते सांगत होता. त्यात सरकारचं काय होतं?"

त्या दिवशी ऑफिस सुटताना कुसुमताईनं तो कागद भिंतीवरून काढून उलटासुलटा पाहिला. खाली सही नव्हती. शिक्का नव्हता. कोणी काढला, कोणत्या कायद्यानं काढला, कशाचाच पत्ता नव्हता. तिनं तो घडी करून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथं तिच्या बापानं नागपूरहून आणलेलं संविधानाचं पुस्तक असायचं, डब्याच्या बाजूला. आम्ही तिला चिडवायचो, ताई, जेवताना तोंडी लावता का हे?

*

एक दिवस ऑफिससमोर जीप थांबली. तिच्यावर कसलीच पाटी नव्हती. त्यातून एक साहेब उतरले. ते पोलिसातले की आणखी कुठले, मला आजही ठाऊक नाही. इन्स्पेक्टर साहेब त्यांच्यापुढं नुसते मान हलवत होते.

त्यांना गेडाम मास्तरांचा फोन ऐकायचा होता. गेडाम मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे मास्तर. शाळा सुटली की कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर जायचे आणि त्यांच्या जमिनीच्या मोजणीचे कागद मागत कचेऱ्या फिरायचे. एवढाच त्यांचा गुन्हा.

कुसुमताई म्हणाली, "साहेब, लेखी द्या. सहीसकट."

साहेब हसले. म्हणाले, "बाई, हे देशाचं काम आहे."

"देशाचं हाय म्हनूनच तर लेखी पाह्यजे."

आठ दिवसांत तिची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ती डबा आणि पुस्तक घेऊन एस.टी.त बसली. महादेव तेव्हा रजेवर होता. राहिलो मी.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नामदेवराव, तुमच्यासारख्या माणसाचाच आधार."

मला तोवर कोणी नामदेवराव म्हटलं नव्हतं. नाम्या म्हणायचे, नामदेव म्हणायचे. मी कागद मागितला नाही. लोक विचारतील, धमकी दिली होती का, लालूच दाखवली होती का. नाही. एका 'राव'मध्ये काम झालं.

*

मास्तरांच्या गल्लीतल्या खांबावर लाईनींची पेटी होती. तिथं मी एक जोड मारला आणि दुसरी तार ऑफिसच्या मागच्या खोलीत नेली. खोलीत एक रिसीव्हर, एक वही. मास्तरांचा फोन वाजला की मी उचलायचा, ऐकायचं, लिहायचं. माझं लिहिणं सावकाश. ते दोन वाक्यं बोलून जात तेव्हा माझं पहिलं पुरं होई.

आता, एका लाईनवर दोन रिसीव्हर उचलले की आवाज बारीक होतो. मास्तरांनी तक्रार नोंदवली, आवाज बारीक येतो. तक्रार माझ्याकडेच आली.

मी त्यांच्या घरी गेलो. उगाच फोन उघडला, फुंकर मारली, बंद केला. मास्तरांनी फोन लावून पाहिला तर आवाज खणखणीत. येणारच. ऐकणारा माणूस तर त्यांच्या घरात उभा होता!

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा वहिनींनी चहा केला, आणि तिसऱ्या वेळी सोबत तिळाची वडी. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आले की फोनले तब्येतच येते." मास्तरांनी ऑफिसात येऊन तक्रारीच्या पुस्तकात स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, की लाईनमन नामदेव यांचं काम मनापासून असतं. इन्स्पेक्टर साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला.

तिळाची वडी माझ्या खिशात तशीच राहिली. धुण्यात विरघळून गेली.

*

पुढं वहिनी आजारी पडल्या. नागपूरच्या दवाखान्यात होत्या, भाऊ सोबत होता. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी उचलला.

वहिनी म्हणाल्या, "उद्या दुपारी ऑपरेशन हाय. तुमी आल्याबिगर मी आत जात नाई."

मास्तर म्हणाले, "सकाळच्या पहिल्या गाडीनं निंगतो. भेव नको."

मग दोघांनीही रिसीव्हर खाली ठेवला नाही. फोन चालूच होता. मीही ठेवला नाही.

मग वही ओढली. लिहिलं, मास्तर उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने नागपूरला जाणार. ऑपरेशनचं लिहिलं नाही. ती घरची गोष्ट. बाईमाणसाच्या दुखण्याची. साहेबांना त्याचं काय करायचं? मी आपली रीत पाळली, आणि पाळल्याचं मला बरंही वाटलं.

सकाळी स्टँडवर तीन माणसं उभी होती. मास्तरांना गाडीतून उतरवलं आणि एका खोलीत बसवून ठेवलं. मास्तर जमिनीचे कागद घेऊन नागपूरच्या वकिलाकडे चालले, असा त्या माणसांचा समज. मास्तर सांगत राहिले की बायकोचं ऑपरेशन आहे. साहेबांनी वही पाहिली. वहीत तसं काही नव्हतं. पिशवी उलटी केली, तर वहिनींची शाल, थर्मास आणि दोन मोसंब्या. तरी संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

वहिनी दुपारपर्यंत दाराकडे पाहत होत्या म्हणे. डॉक्टर थांबेनात. मास्तर दुसऱ्या दिवशी पोचले. वहिनी शुद्धीवर आल्याच नाहीत.

जीप पुन्हा आली नाही. वही साहेब घेऊन गेले. मागच्या खोलीतला रिसीव्हर मी काढून टाकला. खांबावरचा जोड काढला नाही. त्या खांबावर चढलं की मास्तरांचं अंगण दिसतं.

*

कुसुमताई दोन वर्षांनी परत आली, तिच्या ड्रॉवरमध्ये पुस्तक परत आलं. तिनं मला कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. किस्से सांगताना मी जीपपाशी येऊन थांबायचो. मास्तरांची लाईन ऐकली की नाही, कोणी ऐकली, ते गावात कोणालाच कळलं नाही.

मागच्या महिन्यात कडुनिंबाखाली विषय निघाला. महादेव म्हणाला, "आता खांब नको, तार नको. खिशातलाच फोन ऐकते म्हनतात. आपला धंदा बसला, लेका."

कुसुमताईनं चष्मा पुसला. तिची पुतणी यवतमाळला वकील आहे. तिच्याकडून तिला कळलं होतं, की फोनवरचं बोलणं हाही माणसाच्या जगण्याच्या हक्कातच येतं, संविधानातल्या एकविसाव्या कलमात. सरकारला ऐकायचं असेल तर फार वरच्या अधिकाऱ्याची सही लागते, कारण लिहून द्यावं लागतं, आणि त्या हुकमाला मुदत असते.

मी विचारलं, "मुदत किती?"

"दोन महिने. पुढं ऐकाचं असन तर पुन्हा लेखी."

मी कडुनिंबाकडे पाहत राहिलो.

मग ती म्हणाली, "गेडाम मास्तर अजून विचारतात मले. वैरी असते तर समजलो असतो, म्हनतात. पन मी त्या गाडीनं जानार, हे फक्त मले अन् तिले माहीत होतं. मंग त्यायले कसं समजलं?" आणि माझ्याकडे वळून, "नामदेव, तुले काई मालूम हाय का?"

मी म्हणालो, "नाई."

महादेवनं बिडी पेटवली.

*

आता हा शेवटचा, मागच्या आठवड्यातला.

मास्तर सकाळी स्वतः माझ्या घरी आले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. म्हणाले, चार दिवस झाले, फोन मुका आहे. गावात जुन्या लाईनी चार-पाचच उरल्या आहेत, त्यातली एक मास्तरांची. मुलगा मोबाईल घेऊन देतो म्हणतो, पण ते जुना नंबर सोडत नाहीत. म्हणाले, "तिले तोच पाठ होता."

ऑफिसात आता तांब्याच्या तारेचं काम येणारं कोणी नाही. मी बांबूची शिडी घेतली. खरं सांगायचं तर बिघाड काय आहे ते मला घरीच कळलं होतं. ऑफिसच्या मागची खोली चार दिवसांपूर्वी पाडली होती. माझी जुनी तार तिथंच जायची; ती ढिगाऱ्यात चेपली, तशी मास्तरांची लाईन बसली.

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मी चढलो. पेटीचं झाकण गंजलेलं, पकडीनं उघडलं. आत माझा जोड तसाच होता. माझा जोड मी कुठंही ओळखतो. मी तार तीनदा पिळतो आणि टोक डावीकडे वळवतो. बाकी सगळे उजवीकडे वळवतात.

पकडीनं तोडला. टेस्टचा फोन लावला. लाईन सुरू झाली होती.

खालून मास्तर म्हणाले, "काय होतं बे, नामदेवा?"

"जोड होता, मास्तर. ज्यादाचा."

"कोनाचा?"

वारा सुटला होता. मी खांबाला धरून होतो, हाताखाली तो हूंऽऽ करत होता. खाली उतरून सांगता आलं असतं. पण उतरलो असतो तर सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं.

"माहा," मी म्हणालो. "त्या सकाळची गाडी मीच लिहून देल्ती. वहिनीचं ऑपरेशन हाय, हे बी ऐकलं होतं. ते नाई लिहिलं. घरची गोष्ट होती म्हनून."

मी खाली पाहिलं नाही. झाकण लावलं, पकड कमरेला खोचली. शिडी जराही हलत नव्हती. एकेक पायरी उतरलो. माझा एक पाय जमिनीला टेकला, मग दुसरा टेकला, तोवर मास्तरांचे दोन्ही हात शिडीला घट्ट होते.

मग त्यांनी हात काढले. धोतराला पुसले. भिंतीची काठी घेतली आणि घराकडे चालत गेले.