गेली म्हणजे कुठं?

बेंगळूरहून फोन आला तेव्हा मी रामनगरच्या माझ्या दुकानात खिळे तोलत होतो. शेवंती, माझी धाकटी बहीण, ऑफिसातच छातीत कळ येऊन गेली. दुकान तसंच टाकून नंदिगड्ड्याला आईकडे निघालो. कसं सांगायचं ते वाटभर घोकलं, पण पडवीत तांदूळ पाखडणाऱ्या आईसमोर तोंडातून निघालं एवढंच, "आई, आपली शेवंती गेली." आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मंगळावर? आन मला सांगून न्हाई गेली?"



माणसं मंगळावर न्यायची तर कशी न्यायची, तिथं त्यांना काय खायला घालायचं आणि परत कशी आणायची, याचा आराखडा करणाऱ्या मंडळींत शेवंती होती. सगळं अजून कागदावरच. पण गावात बातमी पोचेपर्यंत तीच निघाली, असं झालेलं. मी वैतागून आईला समजवायचो. आई मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायची, "आमची शेवंती जाणार हाय." पत्रिकेत मंगळ म्हणून शेवंतीची दोन स्थळं परत गेली होती. त्यावर ती म्हणायची, "एवढा माझ्या मागं लागलाय, तर मीच त्याला बघून येतो."

मागल्या वर्षी ती कोन खणायला आली, तीच शेवटची. कोन म्हणजे आमच्याकडचा हातभर लांब कंद. तो काढला की वरचं डोकं कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचं, म्हणजे पुन्हा वेल येतो. खणता खणता तिचं मंगळपुराण चालूच. "आये, तिकडं गेलं की लगेच फिरता येत न्हाई. पृथ्वी आन मंगळ सोयीच्या जागी येईस्तवर थांबायचं. जाऊन यायला तीन वरसं धर."

"म्हंजे पावसातली दिग्गी," आई म्हणाली. दिग्गी तिचं माहेर. पावसाळ्यात ओढे भरले की तिथून कुणी बाहेर पडत नसे.

मी म्हटलं, "जायचंच कशाला मरायला? हितं रस्त्यात काय खड्डे कमी हायत?" शेवंती हसली. "अण्णा, न्यायचं सोपं हाय. आणायचं अवघड. मी आणायचं बघतो."

बेंगळूरला जाऊन अग्नी मीच दिला. गुडघ्यांमुळे आईला येता आलं नाही. दहाव्याला तिनं स्वतः खीर केली. कावळा लगेच शिवला. आई पुटपुटली, "तिच्यापत्तुर पोचतंय न्हवं?" हे कुणासाठी होतं, मेलेल्या लेकीसाठी की लांब गेलेल्या, मला समजेना. बायको म्हणाली, एकदा स्पष्ट सांगून टाका. म्हटलं, सांगून तर झालंय. आईच्या डोळ्यांतून तोवर एक टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

गेल्या आठवड्यात कोन काढले. आईनं एक थोरलं डोकं निवडून माझ्या हातात दिलं. "हे कडंच्या खड्ड्यात घाल. तीन वरसं काढायचं न्हाई."

माझा तोल सुटला. "आई, ती मंगळावर न्हाई गेली. मेली. मी माझ्या हातानं आग दिलीया."

आई माती सारखी करत राहिली. "ठावं हाय रे. तू दारात आलास तवाच तुझ्या तोंडावरनं कळलं. पण नुसती गेली म्हटलं की संपलंच की. मंगळावर गेली म्हटलं की वाटतंय, परत आणायचं कोण तरी बघतंय." मग पदर तोंडाला लावून ती रडली. मीही तिथंच बसून रडलो.

त्या खड्ड्यावर आईनं खूण म्हणून दगड ठेवलाय. परवा दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "भैण कुठं असते आता?" मी म्हटलं, "गेली." तो म्हणाला, "कधी येणार?"

आणि मी, शहाणा माणूस, म्हणालो, "तीन वरसं तरी लागतील."