यादीतली शेवटची हॅलवर्ड

रेज हॅदरॉलच्या घरात तेरा पायऱ्या आहेत. डोरीनला धरून मी त्या कितीदा तरी चढलोय, म्हणून माहीत. निजायची खोली वर, न्हाणीघर वर, आणि डोरीनचे दोन्ही खुबे गेलेले. मध्ये कुठेतरी ती थांबते, कठडा घट्ट धरते आणि म्हणते, "गाडी विकली की समुद्रकाठी बैठं घर." आधी हे ती आशेने म्हणायची, मग चेष्टेने. अलीकडे नुसतंच म्हणते.

मी त्यांचा शेजारी. कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त. गाडी म्हणजे माणसं इकडून तिकडे नेणारी वस्तू, एवढंच मला कळतं. रेजचं तसं नव्हतं. तो कारखान्यातला फिटर, हातात जादू असलेला माणूस, आणि त्याच्या गॅरेजात होती एकसष्ट सालची हॅलवर्ड काउंटेस.

हॅलवर्ड ही आमच्याच गावची कंपनी. काउंटेस काढली आणि बुडाली. सदतीस गाड्या बनल्या, तेवढ्याच. थोराड, जड, वळणावर रुसणारी आणि पावसात आतल्यांचे पाय भिजवणारी गाडी. रेजने ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि डोरीनला सांगितलं, ही आपली म्हातारपणची पुंजी.

"सदतीसच आहेत गं जगात. तू फक्त थांब."

डोरीन थांबली. चौतीस वर्षं थांबली.

हॅलवर्डवाल्यांचा एक क्लब होता. जूनमधल्या एका रविवारी सगळे एका पबमागच्या कुरणात जमत. सात-आठ गाड्या ओळीने उभ्या, थर्मासमधला चहा, घडीच्या खुर्च्या, विणत बसलेल्या बायका. रेज क्लबचा चिटणीस. जगात उरलेल्या प्रत्येक हॅलवर्डची यादी त्याच्याकडे असे. एखादी भंगारात गेली की तो तांबड्या शाईने तिच्यावर रेघ मारायचा. चारचौघांत "अरेरे" म्हणायचा, पण मी एकदा त्याला रेघ मारताना पाहिलंय. चांगला खुशीत होता.

"एक गेली, बसवाल्या," तो मला म्हणाला. "म्हणजे आपल्या गाडीचा भाव वर गेला."

असं करता करता दोनच उरल्या. रेजची हिरवी आणि मॉरिस पिंक्नीची दुधाळ रंगाची. मॉरिस आजारी पडला, तेव्हा त्याने आपली गाडी रेजला जवळजवळ फुकट दिली. अट एकच. "चालती ठेव तिला," तो म्हणाला. रेजने हातात हात घेऊन शब्द दिला. मॉरिस गेला, आणि त्याच हिवाळ्यात रेजने ती गाडी गॅरेजात उघडून सुटी केली. लागतील ते चार भाग आपल्या गाडीला बसवले, बाकीचा पत्रा भंगारवाल्याला घातला. एक दार उचलायला मीही हात लावला होता. तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, हे इथेच सांगून टाकतो.

"एकमेव!" रेज म्हणाला आणि त्याने शेवटची रेघ मारली.

पुढच्या जूनमध्ये तो डोरीनला घेऊन सवयीने त्या कुरणात गेला. दोघं दोन खुर्च्या टाकून बसली. थोड्या वेळाने पबवाल्याने येऊन विचारलं, "गाडी बंद पडलीय का? कोणाला बोलावू?" त्यानंतर ती दोघं तिकडे गेली नाहीत.

या वसंतात डोरीन नवव्या पायरीवरून पडली. हाड मोडलं नाही, पण रेजच्या मनाने घेतलं की आता पुरे, गाडी लिलावात काढायची. लिलाववाल्यांकडून फिप्स नावाची बाई पाहायला आली. तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"जगात एवढी एकच आहे," रेज म्हणाला.

"ते खरं, मिस्टर हॅदरॉल. पण हवीय कोणाला?" बाई वाईट नव्हती, थकलेली होती. हे तिला आठवड्यातून चारदा सांगावं लागत असणार. "लहानपणी जिचं चित्र भिंतीवर लावलं ती गाडी माणूस पैसा आला की घेतो. किंवा शर्यत जिंकलेली घेतो, नाहीतर बापाकडे होती ती घेतो. ही कोणाच्या भिंतीवर होती? बिघडली तर सुटे भाग कुठून आणायचे? हिच्यासारख्या दहा-बारा असत्या, त्यांचा एखादा क्लब असता, तर त्यातले चार वेडे तरी एकमेकांवर बोली चढवत बसले असते."

"क्लब होता," रेज म्हणाला.

"मग कुठे गेला?"

रेज बॉनेट पुसत राहिला. इतकी वर्षं तो ऐंशी हजार पौंड म्हणत आला होता. बाई चार हजार म्हणाली, तेही नशीब असेल तर.

लिलावाच्या सकाळी आम्ही तिघं हॅलवर्डमधूनच गेलो. डोरीन गाडीशेजारी तीच घडीची खुर्ची टाकून बसली. लोक येत, पाटी वाचत, "हॅलवर्ड? कधी ऐकलं नाही बुवा," म्हणत आणि पलीकडच्या लाल गाडीकडे जात. त्या लाल गाड्या देशभरात हजारोंनी आहेत, आणि तिथे उभं राहायला जागा नव्हती.

मग पन्नाशीची एक बाई सरळ चालत आली आणि तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"मी पार स्कॉटलंडातून, इन्व्हर्नेसहून आलेय. जिलियन पिंक्नी. माझ्या बाबांची गाडी ही. तुमच्या कॅटलॉगात लिहिलंय ना, जगात एकच उरलीय म्हणून? म्हणजे तीच! तेव्हा माझ्याकडे ठेवायला जागा नव्हती हो. बाबा म्हणाले होते, चांगल्या माणसाला दिलीय, तो चालती ठेवेल." तिने रेजकडे पाहिलं. "तुम्हीच ना ते? रंग बदललात वाटतं. आमची दुधाळ होती."

रेज एक पाऊल पुढे आला. ती तोवर दार उघडून आत बसलीही होती. तिचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि ती हसायला लागली. "हे बघा! बाबांनी हा लाकडी गोळा स्वतः घडवला होता, आणि हे माझे दात. दात येत होते तेव्हा मी चावला होता. हीच ती! किती लागतील ते सांगा. बोली कितीही चढू दे, मी सोडणार नाही."

तो गोळा मॉरिसच्या गाडीचाच होता. रेजला आवडला, म्हणून त्याने काढून घेतला होता.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेही नाही, गप्प राहिला असता तरी भागलं असतं. रेजने डोरीनकडे पाहिलं. गाडी सुटी होत होती तेव्हाचे घणाचे आवाज तिने स्वयंपाकघरात ऐकले होते. ती आपल्या गुडघ्यांकडे पाहत बसली. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, गप्प बस रेज, एकदा तरी गप्प बस.

"ही ती नव्हे," रेज म्हणाला. "तुमची मी मोडली. दिलेला शब्द मोडला आणि गाडीही मोडली."

"का?"

"ही एकटी उरावी म्हणून."

जिलियनने दांड्यावरचा हात काढला. मग उतरली. रेजने दांड्यावरचा गोळा फिरवून काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पर्समध्ये टाकला आणि निघून गेली. त्यानंतर पुकारा झाला. एकही हात वर गेला नाही.

येताना रेज उघड्या दांड्याला रुमाल गुंडाळून गिअर टाकत होता. वाटेत पाऊस लागला आणि नेहमीसारखे आमचे पाय भिजले.

घरी आल्यावर एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने मी डोरीनला धरलं. नवव्या पायरीवर ती थांबली आणि तिने कठडा धरला. आम्ही दोघं त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत उभे राहिलो.

"चार राहिल्या," डोरीन म्हणाली. "चला."