आधी छापून आलेला कंट्रोलर

दिल्लीची गाडी कोल्हापूरहून सुटायची होती, तरी आई फलाटावर आलीच नाही. स्टेशनबाहेर रिक्षातच बसून राहिली. "मला नाही बघवत, तुम्हीच सोडून या," म्हणाली. अण्णांनी माझी बॅग बाकाखाली साखळीने बांधली, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणाले. धाकटा भाऊ विजू गाडीबरोबर थोडा पळाला आणि दम लागल्यावर थांबला. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

तुमच्यापैकी जे इकडे दिल्लीकडे आले त्यांना पुढचं सांगायला नको. जे तिकडे गावी बसून वाचतील त्यांच्यासाठी सांगते. मी गुरुग्रामला एका कंपनीत पेटंटच्या शोधाचं काम करते. कुणी म्हणालं, मी नवीन वस्तू काढली, की ती आधी कुणी केली होती का, दाखवली होती का, कुठे छापून आली होती का, हे आम्ही हुडकायचं. माझ्या वाट्याला आले व्हिडिओ गेमचे कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचं ते बटणांचं यंत्र. त्याची मूठ किती फुगीर आणि बोटाखालचं बटण कुठे, यावरून परदेशी कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठतात. मी स्वतः आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही. तिकडे गल्लीत सगळे मला वकीलच समजतात. आधी मी ते खोडून काढायची, आता कंटाळा येतो. सकाळी कॅब, संध्याकाळी मेट्रो, आणि इतक्या वर्षांनीही सोसायटीच्या गेटवर विचारणार, "मॅडम, कौन से टावर में?" चलो, सांगते टावर.

विजू फौजेत गेला. गाडीच्या अपघातात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. कृत्रिम हातासाठी दिल्लीच्या हॉस्पिटलात त्याच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा तो आणि अण्णा चार महिने माझ्याकडे राहिले. विजूच्या पलटणीतले मित्र सुट्टीच्या दिवशी घरी यायचे, टीव्हीला गेम जोडून खेळायचे. विजू मधे बसून नुसता बघायचा. आणि अण्णा विजूकडे बघायचे.

आमचे अण्णा फाउंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात हुबेहूब कोरावा लागतो, ते त्यांचं काम. ओतून आलेल्या प्रत्येक भागावर कारखान्याचं नाव असायचं. अण्णांचं नाव जन्मात कशावर आलं नाही. ते कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं.

एके दिवशी त्यांनी ऑफिसातला एक मोडका कंट्रोलर मागून घेतला आणि डायनिंग टेबलावर त्याची आतडी काढली. मग सागवानाचे तुकडे आणले आणि पंधरा दिवस कानशीने घासत बसले. घरभर भुसा! मी रोज चिडायची. ते विजूला म्हणायचे, "डोळं मिटून हातात घे, मग सांग." तयार झाली ती वस्तू एका डाव्या हाताने चालायची. खालचा भाग मांडीवर बसायचा, चार बोटं मागच्या बटणांवर, अंगठा वर. तारा मार्केटमधल्या मोबाईलवाल्याने जोडून दिल्या. विजू पहिला डाव जिंकला आणि त्याने अशी काही कोल्हापुरी शिवी हासडली की शेजारची पंजाबी आंटी दार उघडून बघायला आली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ते दोघे गावी परतले. गणपतीत इथल्या मराठी मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला होता. मी यावरच लिहिलं, तिन्ही बाजूंनी काढलेले फोटोही दिले. लोकांनी कौतुक केलं. अंक अण्णांना पाठवते, पाठवते म्हणत राहूनच गेलं.

दिवाळीनंतर फरीदाबादचा एक प्लॅस्टिकचा कारखानदार भेटला. विजूच्या मित्राच्या ओळखीचा. म्हणाला, "अंकलजी का डिझाइन पहले रजिस्टर करवा लो, फिर बनाते हैं." मी अण्णांच्या नावाने अर्ज टाकला. अण्णा फोनवर म्हणाले, "सर्टिफिकिटावर पुरं नाव येतंय काय गं? बापाच्या नावासकट?" मी म्हटलं, बिल्कुल येणार. त्यांनी गल्लीभर सांगितलं. भिंतीवर खिळासुद्धा मारून ठेवला, हे आईने कळवलं.

मग एके दुपारी ऑफिसात मी मोठी शिकार केली. एका कंपनीच्या डिझाइनवर हरकत घ्यायची होती. गेमच्या हौशी लोकांच्या एका क्लबाच्या जुन्या पत्रकात, कोपऱ्यातल्या एका फोटोत, तस्साच कंट्रोलर मला सापडला. ते पत्रक वाचून वाचून किती लोकांनी वाचलं असेल! पण छापलेलं ते छापलेलं. बॉस खूश, "गजब, मॅडम!" मी डबा उघडला, पहिला घास घेतला आणि डबा तसाच बंद केला. स्मरणिका! अर्जाच्या आधी छापलेली, फोटोंसकट, माझ्याच हाताने लिहिलेली. अण्णांचं डिझाइन मीच जगजाहीर करून बसले होते. आता ते कायद्याने नवीन राहिलं नव्हतं.

कर्म माझं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हसले असते. इंग्रजी, जपानी, कोरियन, कुठल्याही भाषेतला कागद मला पुरावा वाटतो. आपल्या मंडळाच्या मराठी अंकात लिहिलेलं मात्र मी छापलेल्यात धरलंच नव्हतं. ते घरातलं, आपापसातलं. मेट्रोत उभी राहून मी स्वतःला समजावत होते, अरे यार, कोण शोधणार आहे? मराठी अंक, कुठल्या कंप्युटरवर नाही, निम्मे अंक तर रद्दीत गेलेत. खरंच कुणी शोधलं नसतं. पण शोधणारी मीच ना! दुसऱ्यांचे अर्ज दिवसभर ज्या सुरीने कापते, ती घरी येऊन लपवू कुठे? आठवडाभर धड झोप नाही. मग अर्ज मागे घेतला. कारखानदार म्हणाला, "छोड़ो मॅडम, कोई भी कॉपी कर लेगा," आणि पुन्हा फोन उचलला नाही.

अण्णांना फोनवर सांगताना मी अंक समोर घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मग म्हणाले, "बरं, राहू दे सर्टिफिकिट. त्या लेखात तरी माझं नाव हाय न्हवं?"

मी पान खाली-वर बघितलं. आमचे अण्णा, आमचे अण्णा, सात वेळा आमचे अण्णा. पुरं नाव कुठेच नव्हतं.

"अण्णा म्हणून आहे," मी म्हटलं.

"अण्णा गल्लीत चार हायत," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

तेव्हापासून फोनवर ते हवा-पाणी विचारतात, त्या विषयावर बोलत नाहीत. मीही काढत नाही. थकले आहे मी, आणि लाजही वाटते. घर म्हणजे काय, असं इकडची मुलं विचारतात. मला आता एवढंच कळतं, की घर म्हणजे जिथे नाव लिहायचं राहून जातं, कारण सगळ्यांना ते माहीतच असतं. चौदा वर्षं लांब राहूनही मी त्याच गल्लीत बसल्यासारखी लिहीत होते.

यंदाही स्मरणिकेने लेख मागितला, तो हा. हाही छापला जाईल, म्हणजे कायद्याच्या भाषेत जगाला कळवला जाईल. तर कळवते. एका हाताने खेळायचा तो कंट्रोलर श्रीपती गणू सुतार यांनी केला.