कोल्हापूर ते मालवण: तेलाचा काटा शून्यावर

१९८५ च्या दिवाळीनंतर नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मालवणहून पोस्टकार्ड आलं. दांडीच्या किनाऱ्यावर त्यांच्याबरोबर वाढलेल्या बाबी तांडेलचं. "होडी तयार आहे. पौर्णिमेला सकाळी अकराच्या भरतीला पाण्यात घालणार. नारळ तू फोडायचा."

पोरवयात दोघांचं ठरलेलं होतं. बाबीने स्वतःची होडी घ्यायची, नानांनी मोटार, आणि होडी उतरेल त्या दिवशी नानांनी मोटारीतून हजर व्हायचं. नानांनी कोल्हापुरात नोकरी करताना एक जुनी काळी मोटार घेतली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबीला होडी व्हायला मात्र निम्मं आयुष्य गेलं.

आता नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे गाडी मी चालवायची ठरली. मी तेव्हा एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. धाकटा भाऊ म्हणाला, "एसटीने जा, त्या खटाऱ्याचा काय भरवसा?" नाना म्हणाले, "एसटीने गेलो तर बाबी मला दारात उभं करणार नाही."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उजाडता निघालो. गगनबावड्यापर्यंत उसाच्या बैलगाड्यांमागून रांगत गेलो. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर बावड्याला थांबाच. धुकं विरताना खालचं कोकण दिसतं आणि इंजिनही गार होतं. करूळ घाट बिनतक्रार उतरलो.

तळेऱ्याला भजी आणि चहा घेतला. निघताना गाडी सुरू केली आणि माझं लक्ष तेलाच्या दाबाच्या काट्याकडे गेलं. एरवी इंजिन गरम असलं तरी तो मधल्या खुणेच्या आसपास असायचा. आता शून्यावर टेकला होता. ॲक्सिलरेटर दाबला की जेमतेम उठायचा, सोडला की पुन्हा आडवा. इंजिन बंद करून तेलाची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर!

"बघ, थेंबभरही पीत नाही," नाना कौतुकाने म्हणाले.

तेल भरपूर आहे म्हणून पुढे निघालो, ही माझी चूक. कणकवलीच्या अलीकडच्या चढावर इंजिन धक्के देऊ लागलं. एखादा सिलिंडर पेटतच नसावा तसं. बाजूला घेऊन चारही प्लग काढून पुसले, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. नानांना दिसत नव्हतं, पण हाताला सगळं ठाऊक होतं. पान्याचा आकडाही ते चाचपून सांगत. तरी प्रत्येक चढाला तेच रडगाणं. कसालच्या बाजारात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले, आणि तिथे गाडीने मानच टाकली.

जवळच भिवा मिस्त्रीची शेड होती. लाँचची इंजिनं आणि ट्रक दुरुस्त करणारा माणूस. त्याने काटा पाहिला, इंजिनाला कान लावला आणि मान हलवली.

"बेरिंगा गेली. इंजिन खोलूक लागतला. गाडी हय ठेव आणि आठ दिसांनी ये, बाय."

नाना शेडच्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा असा पडलेला चेहरा मी आई गेली तेव्हाच पाहिला होता.

मी पुन्हा बॉनेटपाशी गेले. बेरिंग झिजली तर दाब उतरेल, कबूल. पण चढावरचे धक्के? आणि पंधरा दिवसांत मी तेल घातलं नव्हतं, मग ते वाढलं कसं? पट्टी काढून नाकाशी नेली. प्रयोगशाळेत बाटल्यांवरची लेबलं पुसली गेली की आम्ही हाच उपाय करतो.

"मिस्त्री, आधी विडी विझवा. आणि हे हुंगून बघा."

त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "गे बाय माझे! ह्या तेल खंय? ह्यात पेट्रोल आसा!"

मग टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पुरवणारा पंप तपासला. कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडून हँडल फिरवलं, तर पिचकारी उडायच्या जागी नुसते थेंब गळले. पंप उघडला. आतला रबरी पडदा एका कडेला बोटाच्या पेराएवढा फाटला होता. दोन्ही दुखणी एकाच भोकातून आली होती. कार्बुरेटरला पेट्रोल पुरत नव्हतं म्हणून धक्के. आणि गळणारं पेट्रोल खाली तेलात मिसळून तेल पाण्यासारखं पातळ झालं, म्हणून दाब नाही.

"माका ह्या सुचाक नाय," भिवा मिस्त्री मोकळेपणाने म्हणाला आणि कामाला लागला. त्याच्याकडे जीपच्या पंपाचा पडदा होता, पण भोकं जुळेनात. आम्ही जुना पडदा वर ठेवून खुणा केल्या, त्याने एकेक भोक नव्याने पाडलं. मी जुनं तेल काढलं, चहासारखं धो धो पडलं. नवं भरलं. नानांनी सेल्फ मारला.

काटा उठला. मधली खूण ओलांडून गेला. इंजिन चांगलं गरम होईस्तोवर आम्ही तिघं बघत राहिलो, तो मधल्या खुणेच्या खाली आला नाही.

"आता जा बिनघोर," मिस्त्री म्हणाला. "भरती कोणासाठी थांबाची नाय."

दिवस मावळायच्या आत आम्ही दांडीवर होतो. हॉर्न ऐकून बाबीकाका तसेच धावत आले. "नान्या, गाडी घेवनच इलंस रे!" दोघं साठीचे गडी वाळूत गळामिठी घालून उभे, आणि बायका मला घरात ओढून बांगड्याचं तिखलं वाढायला निघालेल्या. तसं तिखलं हॉटेलात मिळत नाही, ओळख काढूनच खावं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाणी चढलं. नानांनी चाचपून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, शोधली, नारळ फोडला, पन्नासेक माणसांनी दोर ओढले आणि होडी सरसरत पाण्यात गेली. मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता.

आता त्या वाटेने मी नव्या गाडीतून जाते. काळी मोटार केव्हाच दुसऱ्याकडे गेली. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांना एवढंच सांगेन: तेल कमी झालं तर भराच, पण वाढलं तर आधी हुंगा.

त्या वेळी घरी परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी शेजारचे एक गृहस्थ फाटकात स्कूटर घेऊन उभे होते. "नाना, धक्के देतेय. जरा बघता?"

नानांनी वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरलं होतं, ते खालीही केलं नाही.

"मला काय विचारता? आत जाऊन तिला विचारा."